‘अवधान-न्यूनता’ : एका संज्ञेचे परीक्षण

प्रौढांमधील ‘एडीएचडी’ या विकाराविषयी मराठीत लिहिताना ‘अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता’ अशी संज्ञा योजिली जाते. मूळ इंग्रजी नावाचा तो शब्दशः अनुवाद होय. अनुवाद म्हणून त्यात वैगुण्य नाही. परंतु मूळ नावातील दोषही त्याबरोबर मराठीत उतरला आहे. ‘न्यूनता’ म्हटली की परिमाण सूचित होते. इतरांजवळ अवधान पुष्कळ, या व्यक्तीजवळ थोडे, असा समज होतो. अनुभव याच्याशी जुळत नाही. विजेचे बिल वेळेवर भरणे ज्याला वर्षानुवर्षे जमत नाही, तोच मनुष्य आवडीच्या कामात तहानभूक विसरून रात्र घालवितो. येथे उणीव अवधानाची नसून त्याच्या नियमनाची आहे.

हा दोष कसा शिरला, हे इतिहासावरून ध्यानी येते. १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने मन एका विषयावर स्थिर न राहण्याच्या अवस्थेचे वर्णन केले. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी व्याख्याने दिली ती मुलांविषयी. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदान-पुस्तिकेच्या १९६८ च्या आवृत्तीत हा बाल्यावस्थेतील विकार मानला गेला. १९८० च्या आवृत्तीत ‘अवधान-न्यूनता’ हे नाव आले आणि प्रौढांना ‘अवशिष्ट’ प्रकार म्हणून कोपऱ्यात जागा मिळाली. म्हणजे प्रौढाचे चित्र स्वतंत्रपणे रेखाटले गेले नाही. मुलाचेच चित्र ताणून मोठे केले गेले.

२०१३ च्या पाचव्या आवृत्तीने यात काही सुधारणा केली, हे मान्य केले पाहिजे. अठरा लक्षणांचे दोन गट करून प्रत्येकी नऊ लक्षणे दिली आहेत. मुलांच्या बाबतीत एका गटातील सहा लक्षणे आवश्यक, तर सतरा वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी पाच पुरेशी ठरविली आहेत. लक्षणांचा आरंभ सात वर्षांऐवजी बारा वर्षांपूर्वी झालेला असावा, असे म्हटले आहे. तथापि धावणे, चढणे, जागेवरून उठणे ही शाळेच्या वर्गातील लक्षणे कायम असून प्रौढांची उदाहरणे कंसात घातली आहेत. पॉल वेंडर यांनी प्रौढांसाठी तयार केलेल्या यूटा निकषांत भावनांच्या चढउतारांना स्थान होते. येथे ते मुख्य निकषांत नाही.

या ठिकाणी मराठी भाषेचे साहाय्य होण्यासारखे आहे. मराठीत लक्ष ‘दिले’ जाते आणि लक्ष ‘लागते’. पहिल्या प्रयोगात कर्ता मनुष्य असतो. दुसऱ्यात लक्ष स्वतःच कर्ता होते आणि मनुष्य केवळ त्याचे अधिष्ठान उरतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितलेले अवधान पहिल्या प्रकारचे, म्हणजे देण्याचे आहे. या विकारात लागण्याची शक्ती शाबूत, कित्येकदा प्रबळ असते. देण्याची शक्ती मात्र दुबळी असते. ‘न्यूनता’ हा शब्द हा भेद पुसून टाकतो. परिणामी ज्याचे लक्ष एके ठिकाणी लागलेले दिसते, त्याला दुसरीकडे देता येत नाही यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. ‘मनात आणले तर सारे जमते’ हा घरातला व कचेरीतला ठपका या गैरसमजातून येतो, आणि रुग्ण स्वतःही तो खरा मानू लागतो.

याचा अर्थ लक्ष न लागणारा प्रत्येक मनुष्य रुग्ण ठरवावा, असा नव्हे. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार व्यक्तींचा पाठपुरावा करण्यात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अडतिसाव्या वर्षी या विकाराची लक्षणे दाखविणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के व्यक्तींना बालपणी तो नव्हता. या निष्कर्षाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. निद्रानाश, चिंता, विषण्णता, व्यसन यांमुळेही अवधान विस्कळित होते. म्हणून बालपणाची चौकशी केवळ रुग्णाच्या आठवणीवर सोडता येत नाही.

सारांश, निकषांची दक्षता राखावी, पण नाव बदलावे. ‘अवधान-नियमनाचा विकार’ ही संज्ञा अधिक यथार्थ ठरेल. नाव बदलल्याने रोग बरा होत नाही हे खरे. परंतु आळशी म्हणून हिणविल्या गेलेल्या प्रौढाला वैद्याच्या दारापर्यंत नेण्याचे किंवा तेथून परतविण्याचे कार्य पुष्कळदा नावच करीत असते.