दोरी, पंच आणि दाराची मूठ

एसटीतली घंटीची दोरी ही मला सार्वजनिक वापराच्या रचनेचा उत्तम नमुना वाटते. एक टोल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. वाहक गाडीत कुठेही उभा असो, दोरी त्याच्या डोक्यावरच. तुटली तर सगळ्यांना दिसते आणि मेहकरच्या फलाटावरही तिला गाठ मारता येते. तिच्या जागी आलेले बटण तेच दोन टोल देते. बिघाड मात्र तारांच्या पोटात दडतो. याला मी सुधारणा म्हणत नाही.

तिकिटाचे तसे नाही. ट्रेमधल्या गड्ड्यांतून रक्कम जुळेल अशी दोन-तीन तिकिटे फाडायची, सहा किलोमीटरचा एक असे टप्पे मोजून पंच मारायचा, मग वे-बिल भरायचे. आठवणींच्या लेखांत हे रम्य दिसते. खच्चून भरलेल्या चिखली-खामगाव गाडीत त्याने वाहकाचा घाम निघे. शिवाय 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे आहे. या सवलतींचे पैसे सरकारकडून मागायचे तर शून्य रुपयांच्या तिकिटाचीही नोंद हवी. तिथे यंत्राने आपली जागा कमावली आहे, भले त्याची शाई उन्हात उडो. यंत्र रुसले की पुन्हा ट्रेच बाहेर निघतो, हेही एसटीने अनुभवले आहे.

बाहेर पडण्याच्या वाटेबाबत मात्र मला तडजोड मान्य नाही. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ, समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. पंचवीस प्रवासी गेले. गाडी दाराच्याच कुशीवर पडली होती. वाचलेल्या आठांपैकी काही जण काच फोडून निघाले. यात दोष इलेक्ट्रॉनिक्सचा नव्हता. पण अखेरीस उपयोगी पडला तो हातच, हे विसरता येत नाही. जुन्या लाल गाडीच्या काचा हाताने सरकत, आणि ‘संकटसमयी बाहेर पडण्याचा मार्ग’ या अक्षरांशेजारी ओढायला एक मूठ असे.

1 जून 2022 ला विजेवरची ‘शिवाई’ पुणे-नगर मार्गावर धावली. तशी गाडी बुलढाणा आगारात उभी राहील तेव्हा पडद्यावरची थांब्यांची नावे मी नंतर वाचीन. आधी विचारीन, वीज गेल्यावर दार आतून हाताने उघडते का, आणि ती मूठ पहिल्यांदाच बसलेल्या आजीला कुणी न दाखवता सापडेल का?