आकड्यांची उलटतपासणी

साहित्याच्या प्रांतात संगणक शिरला ह्याचा आमच्या काही मित्रांस खेद होतो. आम्हांस तो होत नाही. यंत्राने कादंबऱ्या खुशाल वाचाव्यात. मात्र जो साक्ष देतो, त्याने उलटतपासणीस उभे राहिले पाहिजे, एवढाच आमचा वकिली आग्रह.

२०१५ च्या आरंभी अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे मॅथ्यू जॉकर्स ह्यांनी 'स्यूझेट' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. कादंबरीतील सुखदुःखवाचक शब्दांस ती गुण देते आणि त्या गुणांवरून कथानकाच्या चढउताराची रेषा काढते. हजारो कादंबऱ्या मोजल्या असता मूळ कथानके सहा-सातच भरतात, असा त्यांचा दावा होता. अ‍ॅनी स्वॉफर्ड ह्या विदुषींनी ती आज्ञावली स्वतः चालवून पाहिली. 'मी सुखी नाही' ह्यातील 'नाही' यंत्रास ऐकूच येत नव्हते! त्याहून गंभीर दोष पुढे होता. रेषा गुळगुळीत करण्यासाठी योजलेले फूरियेचे गणित, जेथे चढउतार नाहीत तेथेही ते उत्पन्न करीत होते. शिवाय त्या गणितात शेवट आरंभाशी जुळवला जातो, हे इतिहासकार बेंजामिन श्मिट ह्यांनी दाखविले. म्हणजे आनंदात सुरू झालेल्या शोकांतिकेने आनंदातच संपावयाचे! जॉकर्स ह्यांनी प्रथम बचाव केला; एप्रिलमध्ये मात्र स्वॉफर्ड ह्यांचा आक्षेप मान्य केला, आणि पुढे आज्ञावलीत निराळ्या गणिताची सोय झाली.

ह्या प्रकरणात जॉकर्स हरले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी आज्ञावली उघड ठेवली नसती, तर चूक सापडती कशी? नियतकालिकाचा गुप्तनाम परीक्षक निबंध वाचतो, युक्तिवाद तोलतो. आकड्यांमागचे गणित तो चालवून पाहतोच असे नाही. दस्तऐवज न पाहता केवळ वकिलाच्या भाषणावर निकाल देण्यासारखेच हे झाले.

ही शिस्त आपणांस परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी नाकारलेले पाठही पानाच्या तळाशी छापले आहेत. वाचकास निर्णय फिरविता यावा म्हणून. उद्या कोणी ज्ञानेश्वरीतील शब्द यंत्राने मोजून काही सिद्धान्त मांडला, तर त्याच्या आलेखाकडे वळण्यापूर्वी आम्ही विचारू: राजवाड्यांची प्रत घेतलीत की सांप्रदायिक? शब्दरूपे दोहोंत भिन्न आहेत. आणि मोजणीची आज्ञावली कोठे ठेवली आहे?