अभ्याससवयींची प्रश्नावली नेमके काय मोजते?

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास सुधारावा म्हणून पुष्कळ ठिकाणी एक उपक्रम केला जातो. सत्राच्या आरंभी एखादा तास राखून ठेवतात, विद्यार्थ्यांकडून 'अभ्याससवयींची प्रश्नावली' भरून घेतात, उत्तरांना गुण देतात आणि ज्यांचे गुण कमी त्यांना वेळापत्रक आखण्याचा सल्ला देतात. विद्यार्थ्याने स्वतःचे मूल्यमापन केले, असे मग सर्वांना वाटते. हे मूल्यमापन कशाचे झाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

आपल्याकडे या कामी बरीच वापरली गेलेली एक प्रश्नावली म्हणजे पलसाणे आणि शर्मा यांची, आग्ऱ्याहून प्रकाशित झालेली. एम.एड.चे प्रबंध चाळले तर ती वारंवार भेटते. तिच्यात ४५ विधाने असून त्यांचे आठ विभाग आहेत. प्रत्येक विधानापुढे 'नेहमी', 'कधी कधी', 'क्वचित' अशा तीन पर्यायांपैकी एकावर खूण करायची. उत्तराला २, १ किंवा ० गुण, म्हणजे कमाल गुण ९०. ती आटोपशीर आहे, भारतीय विद्यार्थी समोर ठेवून रचलेली आहे आणि तासाभरात शिक्षकाला स्वतः तपासता येते. परदेशी चाचण्यांची ओढूनताणून केलेली भाषांतरे वापरण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

परंतु विभागवार वाटणी पाहावी. परीक्षा देण्याच्या पद्धतीवर १० विधाने, वाचनक्षमतेवर ८, अभ्यासाच्या जागेच्या परिस्थितीवर ६, अध्ययनाच्या प्रेरणेवर ६, वेळेच्या नियोजनावर ५, स्मरणावर ४, टिपणे घेण्यावर ३ आणि आरोग्यावर ३. ही सारी एकाच बेरजेत मिळवून एक आकडा काढायचा, येथेच आमचा पहिला आक्षेप आहे. तिघांत एक खोली घेऊन 'कॉट बेसिस'वर राहणाऱ्या मुलाला शांत जागा नाही, ही त्याची सवय नव्हे. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली आणि अकरावीपासून एकदम इंग्रजी पुस्तकांना भिडलेली मुलगी सावकाश वाचते, हीसुद्धा सवय नव्हे. दोघांचेही गुण मात्र कमी भरतात, आणि दोघांनाही 'तुमच्या सवयी सुधारा' असे ऐकून घ्यावे लागते. परिस्थितीचा दोष विद्यार्थ्याच्या नावे जमा करणारा हा हिशेब आम्हाला न्याय्य वाटत नाही.

दुसरा आक्षेप याहून मूलभूत आहे, आणि तो केवळ याच प्रश्नावलीवर नाही. अशी प्रत्येक प्रश्नावली विद्यार्थ्याला स्वतःविषयीचे मत विचारते. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात क्लेअर एलन वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी रचलेली, १९८७ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली अधिक काळजीपूर्वक केलेली आहे. ती एकच बेरीज न देता वेगवेगळ्या घटकांचे गुण वेगळे दाखवते. 'स्वतःची चाचणी घेणे' हा तिच्यातील एक घटक आहे. गंमत अशी, की विद्यार्थी स्वतःची चाचणी घेतो की नाही हेदेखील तेथे त्यालाच विचारून ठरवायचे. प्रत्यक्ष चाचणी होतच नाही.

मत विचारण्यात बिघडले कोठे? बिघडते ते असे, की आपल्याला किती येते हे अभ्यास करणाऱ्यालाच पुष्कळदा कळत नाही. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने विज्ञानविषयक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत चित्र उलटले: वाचणारे ४० टक्क्यांवर आले, लिहिणारे ६१ टक्क्यांवर राहिले. आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची नोंद निराळीच आहे. आठवड्याने आपल्याला किती आठवेल, असे आधी विचारले असता अधिक खात्री वाचणाऱ्या गटाला होती!

याचा अर्थ असा, की पुस्तक चारदा वाचणारा विद्यार्थी प्रश्नावलीत प्रामाणिकपणे 'नेहमी उजळणी करतो' यावर खूण करील, चांगले गुण मिळवील, आणि सत्रपरीक्षेत नापास झाल्यावर बुचकळ्यात पडेल. बारावीपर्यंत गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर वाढलेल्या आपल्या मुलांचे पहिल्या वर्षी नेमके हेच होते. त्यांना आळशी ठरवणे सोपे असते. प्रत्यक्षात त्यांनी तासन् तास खर्च केलेले असतात.

तेव्हा विद्यार्थ्याला 'तू कसा अभ्यास करतोस' असे विचारण्यापेक्षा 'तुला हे येते का, आणि येते असे तुला किती खात्रीने वाटते' असे विचारावे. त्यासाठी छापील साधन लागत नाही. वहीचे पान पुरे. प्रकरण शिकवून झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पुस्तक मिटून, चार प्रश्न द्यावेत. प्रत्येक उत्तराशेजारी विद्यार्थ्याने आपली खात्री एक ते पाच अशा अंकांत लिहावी. मग पुस्तक उघडून स्वतःच तपासावे. मधे एखादा दिवस जाऊ देणे आवश्यक आहे. वाचल्या वाचल्या सगळेच सोपे वाटते.

रसायनशास्त्राच्या वर्गातील एक जुनाच प्रश्न घेऊ. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणाची संहती दहाचा उणे आठवा घात मोलार आहे; २५ अंश सेल्सिअसला त्याचा पीएच किती? सूत्र पाठ असलेला विद्यार्थी तात्काळ '८' लिहितो आणि शेजारी खात्री पाच. आम्ल पाण्यात कितीही विरळ केले तरी ते अल्कली कसे होईल, हा विचार त्याला शिवत नाही. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन दहाचा उणे सातवा घात इतके असतात, म्हणजे आम्लाने आणलेल्या आयनांच्या दहापट. तेही जमेस धरले तर उत्तर ७ पेक्षा किंचित कमी, सुमारे ६.९८ येते. 'खात्री पाच, उत्तर चूक' अशी ही एक ओळ त्या विद्यार्थ्याला जे दाखवते ते ४५ विधानांची बेरीज दाखवू शकत नाही. 'खात्री एक, उत्तर बरोबर' ही ओळही तितकीच बोलकी असते. ती बहुधा घाबरट मुलांच्या वहीत सापडते.

या पद्धतीचा फार बोलबाला मात्र करू नये. हॅकर आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रत्येक परीक्षेपूर्वी आपल्या गुणांचा अंदाज करायला लावले होते. हुशार विद्यार्थ्यांचे अंदाज परीक्षेगणिक सुधारले. कच्च्या विद्यार्थ्यांचे सुधारले नाहीत. नुसता अंदाज बांधून ज्याला गरज आहे त्याचे भागत नाही, हे उघड आहे. त्याच्याशेजारी बसून 'येथे आठ लिहिताना तुझ्या मनात काय होते?' असे कोणीतरी विचारावे लागते. शंभर-सव्वाशेच्या वर्गात शिक्षकाला हे सर्वांसाठी जमणार नाही. प्रात्यक्षिकाच्या वीस जणांच्या तुकडीत जमते, आणि दोघादोघांनी एकमेकांच्या वह्या पाहिल्या तरी बरेच काम होते. एक पथ्य मात्र पाळावे: या पानांना अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देऊ नयेत. गुण लागले की खात्रीचे आकडे शिक्षकाला बरे दिसतील असे लिहिले जातात.

मग ती ४५ विधाने टाकूनच द्यायची का? तसे नाही. बेरीज करणे तेवढे सोडून द्यावे. जागेविषयीची सहा आणि आरोग्याविषयीची तीन उत्तरे वेगळी काढून प्राचार्यांकडे आणि ग्रंथपालांकडे पाठवावीत. वाचनकक्ष रात्री किती वाजेपर्यंत उघडा ठेवायचा, हे त्यांवरून ठरवता येईल.