तिखट जिभेची कीर्ति

मॅगी स्मिथ ह्या सुप्रसिद्ध इंग्रज अभिनेत्री २७ सप्टेंबर २०२४ रोजीं लंडन येथें वयाच्या ८९ व्या वर्षीं निवर्तल्या. त्यानंतर जे मृत्युलेख आमच्या वाचनांत आले, त्यांतील बहुतेकांत एकच चित्र रंगविलेलें होतें : जुन्या थाटाचा पोषाख केलेली, हातांत काठी घेतलेली, आणि समोरच्या माणसास एका वाक्यांत गारद करणारी उमराव घराण्यांतील एक वृद्ध विधवा. हें चित्र 'डाउनटन ॲबी' ह्या दूरचित्रवाणीवरील मालिकेनें (२०१० ते २०१५) जगभर नेलें. आपल्याकडील सुशिक्षित घरांतही बाईंची ओळख बहुधा ह्याच रूपानें, किंवा मुलांच्या संगतीनें पाहिलेल्या 'हॅरी पॉटर' चित्रपटांतील कडक शिक्षिकेच्या रूपानें झालेली आहे. चित्र खोटें नाहीं. परंतु सत्तर वर्षांच्या जवळपास चाललेल्या कलाजीवनाचा निकाल त्याच्या उत्तरार्धावरून लावावा, आणि तोही चार चुरचुरीत उत्तरांवरून, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

अष्टपैलू नटी असें म्हटलें कीं सामान्य प्रेक्षकाचें लक्ष आधीं वेषाकडे जातें. आज राणी, उद्यां मोलकरीण, परवां भिकारीण. जितकीं सोंगें अधिक तितकी नटी थोर. भरतमुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले, त्यांपैकीं हा सगळा आहार्याचा हिशेब झाला. स्मिथबाईंचें अष्टपैलुत्व ह्या जातीचें नव्हे. वेष कोणताही असो, तो किंचित् नाकांतून ओढलेला स्वर आणि तीं लांब, अस्वस्थ मनगटें कधींच लपत नाहींत; त्यांनीं लपविण्याचा फारसा प्रयत्नही केला नाहीं. बदलतें तें निराळेंच. त्यांच्या उत्तम भूमिकांतील स्त्रिया बोलतात त्या आपलें मन उघड करण्यासाठीं नव्हे, तर झांकण्यासाठीं. बोलणें ही त्यांची तटबंदी असते. ती कोणापासून उभारलेली आहे, आणि ती ढांसळली म्हणजे आंत काय सांपडतें, हें मात्र दर भूमिकेंत वेगळें. आमच्या मतें बाईंची खरी कला येथें आहे, आणि तिखट जिव्हा हें तिचें केवळ बाहेरचें दार आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यांत सांगतां येईल. जन्म २८ डिसेंबर १९३४, एसेक्स परगण्यांतील इल्फर्ड येथें. बालपण ऑक्सफर्डमध्यें, कारण वडील तेथील विद्यापीठांत विकृतिशास्त्रज्ञ होते. ऑक्सफर्डच्याच नाट्यशाळेंत शिक्षण झालें. १९५६ मध्यें न्यूयॉर्क येथें विनोदी नाट्यप्रवेशांच्या एका कार्यक्रमांत त्या चमकल्या, व तेव्हांपासून 'विनोदी नटी' हा शिक्का बसला. ऑलिव्हिए यांनीं नव्या राष्ट्रीय नाट्यगृहांत त्यांस घेतलें आणि १९६४ सालीं स्वतः अथेल्लो होऊन त्यांस डेस्डिमोना दिली, तेव्हां पुष्कळांस नवल वाटलें. १९६५ च्या चित्रपटांत ती भूमिका आजही पाहावयास मिळते. ही डेस्डिमोना गरीब गाय नाहीं. ती ताठ मानेची आहे, आणि म्हणूनच तिचा अंत अधिक झोंबतो.

पुढें १९६९ मध्यें 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रोडी' आला. म्युरिअल स्पार्क यांच्या कादंबरीवरील हा चित्रपट सन १९३० नंतरच्या एडिंबरोंत घडतो. मिस ब्रोडी ही मुलींच्या शाळेंतील शिक्षिका ठरलेला पाठ बाजूस सारून विद्यार्थिनींना इटालियन चित्रकला शिकविते, लढाईंत पडलेल्या आपल्या प्रियकराच्या कथा सांगते, आणि त्याच ओघांत मुसोलिनीची व फ्रँकोची थोरवी गाते. तिच्या शब्दाला भुलून एक अजाण पोर स्पेनकडे निघते आणि प्राणास मुकते. ज्यांनीं वर्गांत उभें राहून आयुष्य घालविलें आहे त्यांस हा चित्रपट सुखानें पाहवत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों. बाईंनीं मिस ब्रोडीला खलनायिका केलें नाहीं, आणि दयेची भीकही मागितली नाहीं. शेवटीं सँडी ही आवडती शिष्या समोर उभी राहून सर्व हिशेब मांडते, त्या प्रवेशांत ब्रोडी प्रथम आपल्या नेहमींच्या डौलदार वाक्यांनींच उत्तर देऊं पाहते. वाक्यें तींच, सूर तोच, पण त्यांच्यावरचा तिचा स्वतःचा विश्वास उडालेला आपणांस ऐकूं येतो. पाठमोऱ्या सँडीवर ती जो शब्द फेंकते, त्यांत राग थोडा आणि भीति फार. ह्या भूमिकेस ऑस्कर पारितोषिक मिळालें. दुसरें ऑस्कर 'कॅलिफोर्निया सूट' (१९७८) मधील भूमिकेस; तींत पारितोषिकासाठीं आलेली आणि हात हालवीत परतणारी एक इंग्रज नटी त्यांनीं रंगविली, हा योगायोग मौजेचा खरा.

मर्चंट व आयव्हरी यांच्या 'अ रूम विथ अ व्ह्यू' (१९८५) मधील चार्लट ही नात्यांतील प्रौढ कुमारिका, किंवा 'द लोनली पॅशन ऑफ जूडिथ हर्न' (१९८७) मधील मद्याच्या आहारीं गेलेली पियानोशिक्षिका, ह्यांविषयीं स्वतंत्रपणें लिहितां येईल. पैकीं मर्चंट हे आपल्या मुंबईचे, हें जातां जातां नमूद करावेंसें वाटतें. परंतु आमच्या मतें बाईंचें सर्वोत्कृष्ट काम चित्रपटगृहांत झालेंच नाहीं. १९८८ सालीं बी. बी. सी. ने ॲलन बेनेट यांची 'टॉकिंग हेड्स' ही स्वगतमाला दाखविली. तींतील 'बेड अमंग द लेंटिल्स', म्हणजे डाळींच्या पोत्यांतील शेज, ह्यांत पात्र एकच : सूझन, एका पाद्र्याची बायको. ती बसते आणि बोलते. डोळ्यांसमोर दुसरें कांहीं घडत नाहीं. नवरा लोकप्रिय आणि असह्य आहे. वेदीपुढें फुलें रचण्यांत चढाओढ करणाऱ्या भाविक स्त्रियांत तिला स्थान नाहीं. ती चोरून पिते. जवळच्या दुकानाची उधारी थकल्यामुळें लीड्स शहरांतील रमेश नांवाच्या हिंदी दुकानदाराकडे जाऊं लागते, आणि त्याच्या कोठीघरांत तिला कधीं नव्हे तें सुख सांपडतें. रमेशच्याच एका साध्या प्रश्नानें तिचें मद्य सुटतें. श्रेय मात्र देवाला आणि नवऱ्याला जातें. तिनें रमेशचें नांव कोणाला सांगितलेलें नाहीं. सांगते ती फक्त आपल्याला.

ह्या लेखनांत हंशाच्या जागा पुष्कळ आहेत, आणि कोणतीही कसलेली विनोदी नटी त्या वसूल करील. बाई त्या वसूल करीत नाहींत. थकलेल्या माणसानें सवयीनें कुलूप लावावें तसें एकेक विनोदी वाक्य त्या उच्चारतात आणि पुढें जातात. वाक्य संपल्यावर क्षणभर चेहऱ्यावर जें उरतें तें पाहावें. सात्त्विक अभिनय म्हणतात तो हाच. लेखकाविषयीं आमची एक तक्रार आहे. रमेश हा माणूस कमी आणि औषध अधिक आहे; रोग बरा होतांच तो कथेंतून स्वदेशीं रवाना होतो. पण सूझनच्या कंठांत त्याचें नांव येतें तेव्हां ती तटबंदी कोठें तरी सैल होते, आणि न दिसणारा तो गृहस्थ तेवढ्यापुरता जिवंत होतो.

ह्याच्या शेजारीं २०११ चा 'द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड होटेल' ठेवून पाहावा. काळ्या माणसांचा तिटकारा असलेली म्युरिअल नांवाची म्हातारी खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठीं राजस्थानांत येते, आणि दोन तासांच्या आंत सुधारून होटेलाचा कारभार पाहूं लागते. इतक्या स्वस्तांत हृदयपरिवर्तन झालेलें आम्हीं दुसरीकडे क्वचितच पाहिलें असेल. येथें बाईंपाशीं लकबीवांचून करण्यासारखें कांहीं उरलेलें नव्हतें. त्या त्याच त्या लकबी करतात, असा आक्षेप घेणारे अशाच चित्रपटांकडे बोट दाखवितात, आणि तेवढ्यापुरतें त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. 'डाउनटन' त्याहून पुष्कळ सरस. त्यांतील व्हायोलेटच्या भूमिकेनें त्यांस तीन एमी पारितोषिकें दिलीं. तरीही २०१९ मध्यें एका मुलाखतींत त्यांनींच सांगितलें कीं 'हॅरी पॉटर' आणि 'डाउनटन' ह्यांतील कामाबद्दल आपण कृतज्ञ आहों, पण तें समाधान देणारें नव्हतें. आपण खरा अभिनय करीत आहों असें वाटलें नाहीं. मृत्युलेख लिहिणारांनीं निदान हें तरी ध्यानांत घ्यावयास हवें होतें.

त्याच वर्षीं, सुमारें बारा वर्षांच्या खंडानंतर, वयाच्या ८४ व्या वर्षीं त्या लंडनच्या ब्रिज नाट्यगृहांत पुन्हा रंगभूमीवर आल्या. नाटक क्रिस्टोफर हॅम्टन यांचें 'अ जर्मन लाइफ'. पात्र पुन्हा एकच, ब्रुनहिल्ड पॉम्सेल. ही बाई नाझी राजवटींत ग्योबेल्सच्या कार्यालयांत लघुलेखिका होती आणि २०१७ सालीं १०६ वर्षांची होऊन वारली. रंगमंचावर ती एकटी बसून सुमारें शंभर मिनिटें बोलते : कार्यालय, पगार, मैत्रिणी, आणि आपल्याला त्या वेळीं कांहींच ठाऊक नव्हतें हें पुन्हा पुन्हा.