भीती आधी कानात शिरते

२०२० च्या नोव्हेंबरात 'शेरनी' या चित्रपटाची मंडळी गोंदियात मुक्कामाला होती. विद्या बालनही त्यात होती. चित्रीकरण चाललं होतं शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या जंगलात. गोंदियाचा सिनेमाशी येणारा संबंध बहुतेक वेळा असाच, राहण्याजेवण्यापुरता. पण नवेगाव-नागझिऱ्यापासून बालाघाटपर्यंत आणि पलीकडे छत्तीसगडात उतरत गेलेल्या या रानपट्ट्याने हिंदी सिनेमाला चार वर्षांत दोन अभ्यासण्याजोग्या सुरुवाती दिल्या. एक 'न्यूटन'ची (२०१७), दुसरी 'शेरनी'ची (२०२१). दोन्हींचा दिग्दर्शक एकच, अमित मसुरकर. या दोन्हींना कुणी अॅक्शनपट म्हणणार नाही. तरीही अॅक्शनपटाला पहिल्या दहा मिनिटांत जो ताण हवा असतो, तो कसा बांधायचा याचे धडे या दोन चित्रपटांकडूनच घ्यावेत अशी स्थिती आहे.

'शेरनी' सुरू होतो तेव्हा पडद्यावर जंगल असतं आणि चार पायांवर काहीतरी पुढे सरकत असतं. वाघाचा चित्रपट बघायला बसलेल्या माणसाच्या छातीत एक ठोका चुकतो. मग कळतं की तो माणूस आहे. झाडाला लावलेला कॅमेरा ट्रॅप नीट चालतो का, हे तपासायला वनखात्याचा कर्मचारी वाघासारखा रांगतोय. प्रेक्षक हसतो, पण दिग्दर्शकाचं काम झालेलं असतं. गवतात हालचाल दिसली की श्वास रोखायचा, ही सवय त्याने अर्ध्या मिनिटात लावून दिली. पुढचे दोन तास प्रत्येक झुडपाकडे आपण त्याच नजरेने बघत राहतो, आणि वाघीण मात्र फार थोडी दिसते.

नागझिऱ्यात फिरलेल्यांना हे तंत्र समजावून सांगायला नको. वानर खाकरल्यासारखं ओरडतं, मागोमाग चितळाचा कॉल येतो, गाइड हात वर करतो आणि जिप्सीचं इंजिन बंद होतं. त्यानंतरची पाच मिनिटं वाघ दिसण्याच्या क्षणापेक्षा जड असतात, आणि पुष्कळदा वाघ दिसतच नाही.

हिचकॉकने १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत हाच हिशेब मांडला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर स्फोट झाल्यावर त्याला पंधरा सेकंदांचा धक्का बसेल. आधीच माहीत असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतील. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ इव्हिल'ची (१९५८) सुरुवात हेच करते. एक हात गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो, आणि तीन मिनिटांहून अधिक काळ एकही कट न घेता कॅमेरा त्या गाडीच्या आगेमागे गर्दीतून फिरत राहतो. कट नाही, म्हणून प्रेक्षकाला सुटकाही नाही.

आपल्याकडे या पद्धतीचं सर्वांत धारदार उदाहरण 'ब्लॅक फ्रायडे'. अनुराग कश्यपचा हा चित्रपट तयार झाला २००४ मध्ये, पण न्यायालयीन अडथळ्यांमुळे भारतातल्या चित्रपटगृहांत यायला २००७ उजाडलं. सुरुवातीला पोलीस ठाण्यात एक आरोपी मार खाता खाता सांगून टाकतो की मुंबईत बॉम्ब फुटणार आहेत. कुणी ते मनावर घेत नाही. तारीख असते ९ मार्च १९९३, आणि १२ मार्चला काय झालं हे महाराष्ट्रात वेगळं सांगावं लागत नाही. शेअर बाजाराची इमारत पडद्यावर येते तेव्हा तिथल्या सामान्य वर्दळीनेच पोटात गोळा येतो. पार्श्वसंगीताने त्यात भर घालायची गरज उरत नाही.

'न्यूटन'ने हिशेब थोडा फिरवला. निवडणुकीला उभा राहिलेला एक पुढारी गावोगाव आश्वासनं वाटत फिरतो. रस्त्यात माओवादी त्याची गाडी अडवतात आणि त्याला गोळी घालतात. प्रसंग तसा थोडक्यात उरकलेला. आणि मग? मग चित्रपट थेट न्यूटन नावाच्या एका सरकारी नोकराच्या घरात शिरतो, मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाला जातो, विनोद करतो. प्रेक्षक हसतो खरा, पण ती गोळी विसरत नाही. न्यूटन मतदान यंत्र घेऊन जंगलातल्या केंद्रावर जातो तेव्हा तसं फारसं काहीच घडत नाही. तरी स्वप्नील सोनवणे यांच्या कॅमेऱ्यातली प्रत्येक रिकामी पायवाट धोक्याची वाटते. चित्रीकरण छत्तीसगडात दल्ली राजहराच्या परिसरात झालं, पण गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-सालेकसा भागातल्या प्रेक्षकाला ती पायवाट परकी वाटणार नाही. सुरुवातीला खर्च केलेल्या एका गोळीचं व्याज हा चित्रपट शेवटपर्यंत खातो. त्या वर्षी तो भारतातर्फे ऑस्करला गेला. पुरस्काराचं सोडा, पटकथेतली ही काटकसर अधिक मोलाची.

मारधाडीच्या सिनेमाचं नाव काढलं की 'शोले' (१९७५) येतोच. लोकांच्या आठवणीत तो रेल्वेवरच्या दरोड्याने सुरू होतो, पण प्रत्यक्षात तो दरोडा ठाकूरच्या आठवणीतून नंतर येतो. चित्रपट उघडतो एका स्टेशनवर. गाडी थांबते, जेलर उतरतो, आणि श्रेयनामावली चालू असताना तो घोड्यावरून रामगढकडे निघतो. खडक, माळ, मग वस्ती. राहुलदेव बर्मन यांची गिटार सोबतीला. कुणी कुणाला मारत नाही. प्रेक्षकाला आधी भूगोल दिला जातो, म्हणजे पुढे गब्बरची माणसं कुठून उतरतील हे त्याला नकळत ठाऊक असतं. मग दरोडा येतो. त्याचं चित्रीकरण पनवेल परिसरातल्या लोहमार्गावर कित्येक आठवडे चाललं होतं. डबे, घोडे, इंजिन आणि माणसं यांचा तो गुंता सोडवला संकलक एम. एस. शिंदे यांनी. 'शोले'ला त्या वेळी फिल्मफेअर मिळालं ते एकच, आणि ते शिंदेंना संकलनासाठी. संवाद पाठ असणाऱ्या पिढ्यांना हे नाव माहीत नसावं, हे आपल्या समीक्षेचंही अपयश आहे.

मराठीत ताणाची उत्तम सुरुवात निशिकांत कामतच्या 'डोंबिवली फास्ट'ने (२००५) केली, तीही शस्त्र न दाखवता. नायक माधव आपटेचा दिनक्रम पुनःपुन्हा, दर फेरीला अधिक घाईने येतो. त्याच त्या कृती, तीच लोकल. हा माणूस कधीतरी तुटणार, हे संकलनाच्या लयीतून कळतं. पुढे नागराज मंजुळेच्या हिंदी 'झुंड'ने (२०२२) नागपूरच्या वस्तीतली पोरं मालगाडीवरचा कोळसा चोरताना दाखवली. चालत्या गाडीचा वेग आणि पोरांची उडी यांतच सगळा थरार, आणि तो विदर्भातला असल्याने अस्सल.

आता सध्याच्या चलनी नाण्याकडे वळू. लक्ष्मण उतेकरचा 'छावा' (२०२५) औरंगजेबाच्या दरबारापासून आरंभ करतो. शिवाजी महाराज गेल्याची बातमी येते, दरबारात सुटकेची भावना पसरते. इथवर मांडणी पक्की आहे, कारण या लोकांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे. मग बुऱ्हाणपूरची स्वारी येते, संभाजीराजे सिंहाशी झुंजतात, ढोल, गर्जना, मंदगती. थिएटरात शिट्ट्या वाजतात आणि त्या वाजाव्यात यात गैर काही नाही. पण तो जल्लोष झाला. नायक या लढाईत हरणार नाही याची त्याच्या पहिल्याच फ्रेममध्ये हमी मिळाल्यावर ताण राहणार कुठे? बहुतेक ऐतिहासिक मराठी चित्रपटांचंही हेच दुखणं आहे. आधी धीरगंभीर निवेदन, मग मंदगतीत उडणारी धूळ. इतिहासाचा निकाल सगळ्यांना माहीत असतो ही सबब चालणार नाही. 'ब्लॅक फ्रायडे'चाही निकाल माहीतच होता.

निर्माते म्हणतात की मोबाइलच्या काळात प्रेक्षकाला धीर नाही, पहिल्या मिनिटात हाणामारी नसेल तर तो उठून जातो. त्यांनी हिवाळ्यात गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या झाडीपट्टीत यावं. मंडई या जत्रेच्या दिवसांत इथे रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीत शालींत गुरफटलेलं अख्खं गाव खलनायक काय करणार याची वाट बघत बसून असतं. धीर नसलेला प्रेक्षक ही मुंबईच्या कार्यालयांत तयार झालेली कल्पना दिसते. धीर संपलाय तो दिग्दर्शकांचा.

वाचकांना एक विनंती. 'न्यूटन'ची आणि 'छावा'ची पहिली दहा-दहा मिनिटं एकदा पडद्याकडे पाठ करून, नुसती ऐका. कुठे मान आपोआप मागे वळते ते पाहा, आणि पुढच्या तिकिटाचे पैसे त्या हिशेबाने खर्च करा.