कृत्रिम जीर्णत्वाची परीक्षा : पिस्तुलांच्या लाकडी मुठी

शस्त्रसंग्राहकांच्या वर्तुळांत अलीकडे एक कला फार बोकाळली आहे. पिस्तुलाची नवी अथवा नव्यानें बसविलेली लाकडी मूठ शंभर-सवाशें वर्षें हाताळल्यासारखी दिसावी, असें तिला रूप देणें, ही ती कला होय. विषय परदेशचा व शस्त्रांचा असला, तरी आमच्या वाचकांस तो परका वाटणार नाहीं. जुना कागद म्हणून नवा कागद पुढें करणाऱ्यांशीं ज्यांची गांठ पडली आहे, त्यांना या कलेची जात तेव्हांच ओळखतां येईल. तिचे गुणदोष येथें थोडक्यांत तपासण्याचें योजिलें आहे.

प्रथम कृति पाहूं. मुठीवरील मूळचें रोगण काढून लाकूड काचकागदानें घासतात. धारदार कडा बोथट करितात. किल्ल्यांचा जुडगा किंवा साखळी आपटून खोंचे पाडितात. मग शिरक्यांत लोखंडाचा कीस कांहीं दिवस भिजवून तयार झालेलें पाणी लाकडावर फिरवितात. अक्रोडाच्या लाकडांत टॅनिन असतें. त्याचा लोहाशीं संयोग होतांच लाकूड करडें-काळें पडतें. टॅनिन कमी वाटल्यास आधीं चहाचा कडक काढा लावितात. कोणी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानें तपकिरी झांक आणितात. शेवटीं जवसाचें तेल अगर लाखेचें रोगण चोळून खोंचांत काजळी भरली, कीं एका आठवड्यांत शतकाचें काम उरकतें. हिरडा व हिराकस यांपासून काळा रंग करणाऱ्या आपल्या रंगाऱ्यांना हीच रसायनक्रिया पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. युरोपांतील जुन्या लोहयुक्त शाईचें मर्मही तेंच. तेव्हां क्रियेंत पाप कांहीं नाहीं. प्रश्न आहे तो हेतूचा व परिणामाचा.

या बाबतींत तीन गोष्टींची गल्लत होते. मोडकी मूठ सांधून शस्त्र टिकविणें हा जीर्णोद्धार. नव्या प्रतिकृतीला नाटकासाठीं किंवा हौसेसाठीं जुनें रूप देणें हा वेष. आणि तो वेष खरा म्हणून विकणें हें कपट. पहिल्या गोष्टीस आमचा आक्षेप नाहीं, दुसरीसही नाहीं. परंतु दुसरी व तिसरी यांच्यामध्यें अंतर फक्त एका विक्रीचें असतें, हें विसरतां येत नाहीं. करणारा प्रामाणिक असेल. पण वस्तु त्याच्यानंतर तिसऱ्या हातीं जाते, तेव्हां त्याचा प्रामाणिकपणा तिच्याबरोबर जात नाहीं.

उदाहरणादाखल अमेरिकेच्या कोल्ट कारखान्याचें १८७३ चें प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर घ्यावें. १८९१ पर्यंत तेथील सरकारनें अशीं सुमारें ३७,००० रिव्हॉल्व्हरें खरेदी केलीं. साध्या गिऱ्हाइकांसाठीं १८८० नंतरच्या दशकांत कठीण रबराच्या मुठी निघाल्या, तरी लष्करी नगांवर अक्रोडाची अखंड मूठच राहिली. तीवर सरकारी तपासनिसाच्या आद्याक्षरांचा ठसा मारीत, व आंतल्या खोबणींत पुष्कळदां शाईनें क्रमांक लिहीत. आरंभींच्या कांहीं हजार नगांवर तपासनीस एन्सवर्थ यांचीं आद्याक्षरें आढळतात. २५ जून १८७६ रोजीं लिटल बिगहॉर्न येथें ज्या सातव्या घोडदळाचा पाडाव झाला, त्याचे शिपाई याच काळांतलीं रिव्हॉल्व्हरें बाळगीत. त्यामुळें त्या ठशाला आज मोठी किंमत येते. जेथें मोल आहे तेथें बनावट आहेच. इटलींत १९५० नंतरच्या दशकापासून जुन्या कोल्टच्या उत्तम व उघड प्रतिकृति होऊं लागल्या. त्यांवर तेथील परीक्षणगृहाच्या खुणा व वर्षाचें सांकेतिक चिन्ह असतें. कपटी मनुष्य त्या खुणा घासून टाकतो व लाकडाला वर सांगितलेला संस्कार करितो.

आतां परीक्षेकडे वळूं. सामान्य संग्राहकाचें अनुमान असें : ही मूठ जुनी आहे, कारण ती काळवंडली आहे. न्यायशास्त्राच्या भाषेंत हा हेतु सव्यभिचार होय. काळेपणा जुन्या लाकडांत सांपडतो, तसाच कालच्या लाकडांतही सांपडतो. काळेपणाला लोह आणि टॅनिन यांचा संयोग पुरतो, काळ लागत नाहीं. फार काय, अक्रोडाचें लाकूड उजेडांत वर्षानुवर्षें राहिलें तर काळें न पडतां उलट फिकट, सोनेरी होत जातें. म्हणजे केवळ रंगावर भिस्त ठेवणारा कधीं कधीं खऱ्या मुठीला खोटी व खोटीला खरी म्हणून मोकळा होईल.

मग प्रमाण कोणतें? आमचें उत्तर एका शब्दांत आहे : पौर्वापर्य. वस्तूवर काय आधीं घडलें व काय मागाहून, याचा क्रम जुळला पाहिजे. तपासनिसाचा ठसा झिजेच्या आधींचा असला पाहिजे; तो झिजलेल्या पृष्ठावर टोंकदार उमटलेला दिसला, तर तो मागाहून मारलेला. खऱ्या मुठीवरचे खोंचे निरनिराळ्या काळचे असतात : कांहीं तेला-मळानें भरून गुळगुळीत झालेले, कांहीं ताजे. बनावट मुठीवरचे सारे खोंचे एकाच दिवशीं जन्मलेल्या जुळ्यांसारखे दिसतात. झीज तळहात जेथें टेकतो तेथें व तळाच्या कोपऱ्यांवर अधिक असावी. ती सर्वत्र सारखी असेल, तर ती हाताची नव्हे, काचकागदाची. लाकूड काळानें आडव्या अंगास आटतें, उभ्या अंगास जवळजवळ आटत नाहीं; म्हणून जुन्या मुठीच्या बाजूंस धातूची कड किंचित् वर जाणवते. चोहोंकडून सारख्याच प्रमाणांत लाकूड खालीं गेलेलें असेल, तर तें घासलेलें समजावें. शेवटीं स्क्रू काढून आंतील बाजू पाहावी. तेथें लोखंड जेथें टेकत होतें तेवढ्यापुरतेच डाग असले पाहिजेत. रंग सगळीकडे ओघळलेला व उभ्या रेषांच्या टोंकांत खोल मुरलेला दिसला, तर चोर घरांतच सांपडला.

परंतु येथेंही घाई करूं नये. १८९५ नंतर अमेरिकन सरकारनें पुष्कळ जुनीं रिव्हॉल्व्हरें परत घेऊन त्यांच्या साडेसात इंची नळ्या साडेपांच इंचांवर आणिल्या; त्या दुरुस्तींत सुट्या भागांची व मुठींची सरमिसळ झाली. क्रमांक जुळत नाहीं एवढ्यावरून अशा वस्तूला खोटी म्हणणें हा अन्याय होईल. ती दुरुस्ती हाही इतिहासच आहे.

आमच्या कागदांनाही हेंच पौर्वापर्य लागू आहे. चहाच्या पाण्यानें कागद पिवळा करितां येतो. पण घडी आधीं पडली असून अक्षर मागाहून लिहिलें असेल, तर तुटलेल्या तंतूंतून शाई फुटते. कसरीच्या भोंकाची कड शाईनें रंगलेली असेल, तर किडा लेखकाच्या आधीं येऊन गेला हें उघड होतें. लाकूड व कागद हे दोन साक्षीदार भिन्न असले, तरी त्यांची उलटतपासणी एकाच रीतीनें होते.

या कलेचे कैवारी म्हणतात कीं, हा सौंदर्याचा प्रश्न आहे व गिऱ्हाइकानें सावध असावें. आम्हांस हें पटत नाहीं. तोटा गिऱ्हाइकाच्या पैशापुरता नसतो. खरी जुनी मूठ ‘अधिक जुनी’ दिसावी म्हणून एकदां घासली, कीं तिजवरील ठसा व हातांची झीज कायमची गेली. ती कोणत्याही रसायनानें परत येत नाहीं. शिवाय खोट्या साक्षी वाढल्या म्हणजे खऱ्या साक्षीवरचाही विश्वास उडतो.

म्हणून आमची सूचना अशी : ज्यास हौसेनें मुठीला जुनें रूप द्यावयाचें असेल, त्यानें तें नव्या लाकडावरच द्यावें, आंतील खोबणींत आपलें नांव व वर्ष कोरावें, आणि मूळची मूठ कितीही फुटकी असली तरी जपून ठेवावी. संग्राहकांनींही वस्तूच्या नोंदींत ‘जुनी दिसते’ असें न लिहितां, कोणती खूण कोणत्या खुणेच्या आधींची आहे, तें लिहावें. अशी नोंद पुढच्या परीक्षकास ताडून पाहतां येते. नुसत्या मतास तो आधार नसतो.