आहे त्यातच घर

'एक रुपयाही खर्च न करता खोलीचा मेकओव्हर' या जातीच्या व्हिडिओंचा सांगाडा आता आपल्याला पाठ झालाय. आधी खोली 'अशी' दिसते: ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड, पलंगावर कपड्यांचा ढीग, खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल. मग एक मुलगी कॅमेऱ्याकडे बघून बाह्या सरसावते. संगीत सुरू होतं, सगळं चौपट वेगानं पळायला लागतं. पलंग खिडकीखाली जातो. जुन्या साडीचा पडदा होतो. लोणच्याच्या बरणीत मनी प्लांट येतो. आजीचा तांब्याचा हंडा कोपऱ्यात जाऊन बसतो. शेवटी पिवळा मऊ उजेड, आणि खोली 'अशी'. साठ सेकंदांत खेळ संपतो. आपण सेव्ह करतो आणि अंगठा पुढे सरकतो.

मी हे व्हिडिओ भरपूर बघते. बदलापूरपासून सीएसएमटी ६८ किलोमीटर आहे, म्हणजे रोज येता-जाता तीन तास हातात मोबाइल असतो. इतकं बघून झाल्यावर वाटायला लागलं, की याला टाइमपास म्हणून सोडून देऊ नये. कथा-कवितेसारखा हाही एक प्रकार आहे. त्याला कथानक आहे, नायिका आहे, ठरलेला सुखान्त आहे. मुख्य म्हणजे त्याचं घराबद्दल काहीएक म्हणणं आहे. तेव्हा एखादं पुस्तक वाचावं तसं त्याला वाचू.

त्याचं मूळ वाक्य एकच: 'तुमच्याकडे आधीच असलेल्या वस्तूंनी खोली नव्यानं सजवा.' साधं, गोड वाक्य. त्यातलं चांगलं आधी सांगते. सुंदर घर म्हणजे विकत आणलेलं घर, हे आपल्याला जाहिरातींनी वर्षानुवर्षं शिकवलं. हा प्रकार निदान तोंडानं तरी त्याच्या उलट बोलतो. बघायची नजर बदलली तर जुनी वस्तू नवी होते, असं तो म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण हे वाक्य उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात उभं राहून वाचलं, की त्यातला एकेक शब्द अडखळायला लागतो.

'खोली'

व्हिडिओतल्या खोलीला एकच काम असतं. ती बेडरूम असते, नाहीतर हॉल, नाहीतर 'रीडिंग कॉर्नर'. आमच्याकडे खोलीला पाळ्या असतात. पहाटे साडेपाचला ती डबे भरायची जागा असते, दुपारी शिलाई मशीनची, संध्याकाळी ट्यूशनची, रात्री चार गाद्यांची. घडीची खुर्ची, दिवाणाच्या पोटातली अंथरुणं, भिंतीला टेकवलेलं टेबल हे सगळं रोज दोनदा जागा बदलतं. ज्याला व्हिडिओ 'मेकओव्हर' म्हणतो, त्याला इथे 'आवरणं' म्हणतात आणि त्याला कोणी लाइक देत नाही.

शिवाय तिन्ही गावांत खोलीची जात वेगळी. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या कॅम्पच्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि कॅम्पला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही लोक 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' म्हणूनच पत्ता सांगतात, आणि कित्येक पत्त्यांत बॅरॅक नंबर असतो. सैनिकांनी रांगेत झोपावं म्हणून बांधलेल्या लांबलचक खोल्या, आणि त्यांचे भाग पाडून काढलेली घरं. 'आहे त्यात भागवा' हा सल्ला या गावाला कोणी द्यायला नको. हे गाव त्याच सल्ल्यावर उभं आहे.

अंबरनाथची खोली आयुध निर्माणीच्या क्वार्टरची. भिंत सरकारी, खिळा ठोकायच्या आधी विचार करायचा, आणि निवृत्तीच्या दिवशी सगळं उचलून निघायचं. बदलापूरची खोली कर्जाची. परळ-लालबागच्या दहा बाय बारातून निघालेलं कुटुंब इथे वन आरके किंवा वन बीएचकेमध्ये येतं, सोबत लोखंडी कॉट, काचेची शोकेस आणि पत्र्याचं कपाट घेऊन. कपाट लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यानं चढतं आणि हॉलची अर्धी भिंत खातं.

यात आणखी एक गोष्ट येते, तिच्याबद्दल व्हिडिओ फारच बेफिकीर असतात. 'मधली भिंत काढली तर खोली मोठी वाटेल', 'छतावरून झोपाळा टांगा' हे वाक्य फेकायला दोन सेकंद लागतात. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतरानं उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. छत किती ओझं घेईल, हा आमच्याकडे सजावटीच्या आधीचा प्रश्न आहे.

'आधीच असलेल्या वस्तू'

घरात वस्तू असतात कशाला? मारी कोंडो या जपानी लेखिकेचं आवराआवरीवरचं पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं, २०१९ च्या १ जानेवारीला नेटफ्लिक्सवर तिची मालिका आली, आणि तिची पद्धत जगभर पसरली. एका प्रकारच्या सगळ्या वस्तूंचा ढीग घाला, एकेक हातात घ्या आणि विचारा, हिच्यामुळे मनात आनंद उमटतो का? उमटला तर ठेवा, नाहीतर आभार मानून निरोप द्या. आभार मानण्याची कल्पना मला मनापासून आवडते. खंडेनवमीला शिलाई मशीनला हळदकुंकू लावणाऱ्या घराला ती परकी वाटणार नाही.

पण कोंडोचा प्रश्न अपुरा आहे. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांमुळे कोणाच्या मनात आनंद उमटतो? कोणाच्याच नाही. तरी ते ठेवलेले असतात, कारण उद्याचा भरवसा नसतो. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरातल्या सखल भागातल्या घरांत शिरलं. २७ जुलै २०१९ ला तीच नदी पुन्हा फुगली आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली. ज्या घरांनी हे पाहिलंय, त्यांच्या मांडणीत ते दिसतं. कागदपत्रं वरच्या फळीवर, गहू माळ्यावर, पलंगाखाली विटा. याला पसारा म्हणणं सोपं आहे. मला तो पुराचा अनुभव वाटतो, फळ्यांवर रचून ठेवलेला.

आणि 'जुन्यातून नवं' हा शोध व्हिडिओंचा नाही. सिंधी घरातली रल्ली आणि मराठी घरातली गोधडी यांची जन्मकथा एकच आहे: विरलेलं कापड, त्याचे थर, आणि बायकांनी फुरसतीत घातलेला धावदोरा. एक सिंधूकाठची, एक देशावरची. फाळणीनं त्यांना एकाच रेल्वेमार्गावर आणून ठेवलं. पुढे उल्हासनगर जीन्सच्या शिलाईसाठी नावारूपाला आलं. जीन्सच्या कतरणीची जाडजूड पायपुसणी मी कित्येक दारांत पाहिली आहेत. याच गोधडीला व्हिडिओत 'व्हिंटेज थ्रो' म्हटलं, की ती सोफ्यावर मिरवते. आजीच्या अंगावर असताना तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. नाव बदललं की किंमत बदलते, हे मला या प्रकारातलं सगळ्यात अप्रामाणिक कसब वाटतं. वस्तू राहते, ती करणारी बाई गळून पडते.

'तुमच्याकडे'

तुमच्याकडे म्हणजे नक्की कोणाकडे? व्हिडिओत घराला एकच मालक असतो. आमच्या घरात शोकेस बाबांची असते, हंडा आजीचा, टीव्ही सगळ्यांचा आणि रिमोट एकाचा. वस्तू हलवणं म्हणजे माणसं हलवणं.

राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' हा १९७० चा सिनेमा आणि त्यावरून बासू चटर्जींनी १९७२ मध्ये केलेला 'पिया का घर' हे दोन्ही याच दुखण्यावर उभे आहेत. चाळीतली भरलेली जागा, नवं जोडपं, आणि एकांत नावाची वस्तू घरात कुठे ठेवायची हा प्रश्न. हे सिनेमे हसत-खेळत जातात, पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. जागेची मांडणी हा नात्यांचा हिशेब असतो. आजच्या साठ सेकंदांत नेमका हाच हिशेब कापला जातो.

एक उदाहरण माझ्याच घरातलं. धाकट्या बहिणीचं बारावीचं वर्ष होतं. टेबल होतं, पण त्यावर इस्त्री, औषधं आणि मिक्सर असे तीन संसार. खिडकीजवळची उजेडाची जागा बाबांच्या आरामखुर्चीची. खुर्ची हलवली की बाकी सगळं आपोआप जमत होतं, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि बोलत कोणीच नव्हतं. शेवटी एका रविवारी, मेगाब्लॉक असल्यानं सगळे घरात असताना, आईनं न विचारता खुर्ची उचलून कपाटाशेजारी ठेवली आणि टेबल खिडकीखाली ओढलं. बाबा आले, उभे राहिले, म्हणाले, "इथे टीव्ही तिरका दिसतो." आई म्हणाली, "मग तिरके बसा." त्या दिवशी घरात एकही नवी वस्तू आली नाही. पण वीस वर्षांत त्या खोलीत एवढा मोठा बदल झाला नव्हता.

हा व्हिडिओ कोणी केला असता, तर त्यात टेबलावर टेबलक्लॉथ आणि कुंडी दिसली असती. खुर्ची दिसली नसती.

'खर्च शून्य'

अठराव्या शतकाच्या अखेरीस झाव्हिए द मेस्त्र या लष्करी अधिकाऱ्याला ट्युरिन शहरात ४२ दिवस खोलीत नजरकैदेत राहावं लागलं. त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं: आपल्याच खोलीतला प्रवास. पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून भिंतीवरच्या चित्रांपर्यंत. आहे त्याच वस्तूंकडे नव्यानं बघण्याचं ते अजूनही ताजं पुस्तक आहे. पण त्या खोलीत एक नोकरही आहे, सकाळची कॉफी आणून देणारा. लेखक प्रवास करतो, नोकर खोली चालवतो. चौपट वेगानं पळणाऱ्या व्हिडिओत हेच घडतं. वेग वाढवला की मेहनत गंमत दिसते. पत्र्याचं कपाट सरकवायला दोन माणसं आणि एक कंबर लागते. त्यामागची वीस वर्षांची धूळ कोणीतरी पुसतं, आणि बहुतेक वेळा ते कोणीतरी एकच असतं. खर्च शून्य हे पैशांपुरतं खरं, वेळेच्या हिशेबात साफ खोटं. रोज तीन तास लोकलला देणाऱ्या बाईचा रविवार हा या मेकओव्हरमधला सगळ्यात महाग माल आहे, आणि तो 'आधीच असलेला'सुद्धा नाही.

काटकसरीला इतिहास असतो हेही विसरू नये. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारनं 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली: कपडे दुरुस्त करा, जुन्यातून नवं शिवा. तेव्हा महायुद्ध चालू होतं, कापडावर रेशन होतं. त्याच महायुद्धासाठी इकडे कल्याणजवळ बराकी बांधल्या गेल्या होत्या. तिकडे काटकसर हा सरकारी संदेश होता आणि युद्धानंतर टंचाई सरली तशी तिची गरजही सरली. इकडे त्याच युद्धाच्या उरलेल्या बराकींत लोक संसार मांडत होते, पुस्तिकेशिवाय. आज काटकसर 'एस्थेटिक' झाली आहे. पण ज्याला विकत घेणं शक्य आहे आणि जो घेत नाही, त्याचीच काटकसर सुंदर दिसते. ज्याच्यापुढे पर्यायच नाही त्याची 'आधी' या सदरात जाते. आणि पुष्कळ व्हिडिओंत खाली लिंकही असतेच: पिवळ्या दिव्यांची माळ, वेताची टोपली. शून्य खर्चाच्या घरात शेवटी काहीतरी विकत आणावंच लागतं.

एवढं म्हणूनही हा प्रकार मला टाकाऊ वाटत नाही. खोली बदलता येते, हा विचारच मुळात धीट आहे. जिथे भिंत सरकारी आहे, भाड्याची आहे किंवा बँकेची आहे, तिथे आतल्या वस्तू कुठे ठेवायच्या एवढंच आपल्या हातात उरतं, आणि तेवढंही सगळ्यांच्या हातात नसतं. म्हणून माझी तक्रार त्यांनी घर सजवण्याबद्दल नाही. त्यांनी कॅमेरा जरा लवकर बंद केला आणि जरा उशिरा चालू केला, ही आहे. खोली बदलायची आहे हे घरात पहिल्यांदा बोललं गेलं, तिथून तो चालू करावा. कपाट कोणी ढकललं आणि कोणाची जागा गेली हे दाखवावं. गोधडी कोणी शिवली तिचं नाव सांगावं. आणि पिवळ्या उजेडावर न थांबता रात्री त्याच खोलीत गाद्या कुठे पडतात, तेही बघू द्यावं. तो व्हिडिओ साठ सेकंदांत मावणार नाही. आमच्याकडे बघायला कर्जतपर्यंतचा वेळ आहे.